एका ताटात जेवताना

गेल्या हिवाळ्यात परिचारिकांच्या बैठकीसाठी दिल्लीला गेले होते. संध्याकाळी आम्ही तिघीजणी एका छोट्या इथिओपियन हॉटेलात जेवायला गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, साधी टेबलं, खाणारे बहुतेक आफ्रिकेतले विद्यार्थी. आधी हात धुऊन यायला सांगितलं आणि मग तिघींसाठी एकच मोठं ताट समोर ठेवलं.

ताटभर पसरलेली मऊ, जाळीदार, आंबूस 'इंजेरा'. टेफ नावाच्या अगदी बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून ती तव्यावर एकाच बाजूने भाजतात. तिच्यावर मसुराची तिखट डाळ, कोबी-बटाट्याची भाजी आणि 'शिरो'. शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलंच, हरभऱ्याच्या पिठाचं. चमचा नाही. इंजेराचा तुकडा तोडायचा आणि त्यानेच भाजी उचलायची.

मी हात पुढे केला आणि थबकले. समोरच्या मैत्रिणीला टीबी झाला होता. उपचार संपूनही दोन वर्षं झालेली. मी नर्सिंग शिकलेली, वॉर्डात टीबीच्या कित्येक पेशंटना हाताने गोळ्या दिलेली, तरी थबकले. तिने ते ओळखलं. शेजारच्या टेबलावर एक मुलगा मित्राला घास भरवत होता. या भरवण्याला तिकडे 'गुर्शा' म्हणतात, तो मायेचा मान असतो. तिनेही घास केला आणि माझ्या तोंडासमोर धरला. मी खाल्ला. लाज वाटली ती माझी मलाच.

जळगावला परतले तेव्हा भरीताचा हंगाम होता. वस्तीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. (ज्वारीचं मूळ ईशान्य आफ्रिकेतलं. इथिओपियात ज्वारीचीही इंजेरा करतात. म्हणजे आपली भाकरी तिकडची जुनी नातेवाईकच.) सगळ्या बाया गोल बसल्या होत्या. एक सून मात्र दाराशी, पोचे पडलेली स्वतःची थाळी घेऊन. टीबीच्या गोळ्यांचा चौथा महिना. बोलावलं तर म्हणाली, "ताई, मी आठेच बठस."

हॉटेलात आपल्या आजोबांसाठी वेगळी कपबशी असायची. त्याची चीड आपण अजून मुलांना सांगतो. आणि घरातल्या आजारी सुनेची थाळी मात्र वेगळी ठेवतो!

मायबहिणींनो, टीबी ताटातून, पेल्यातून किंवा कपड्यांतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा हवेतून पसरतो. म्हणून तोंडाला रुमाल हवा, खिडकी उघडी हवी. गोळ्या नियमित सुरू झाल्या की काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत मात्र डॉक्टर सांगतील तसंच वागायचं. घरात कुणालाही दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये पेशंटच्या बँक खात्यात येतात. खातं जोडलंय ना, हे आशाताईंना विचारा.

ताटातून पसरतात ते जुलाब, टायफॉइड, कावीळ. तेही घाणेरड्या हातांनी आणि दूषित पाण्याने. म्हणून ताट एक असो वा दहा, साबणाने हात धुवायचेच.

कळण्याची भाकरी तर टीबीच्या पेशंटसाठी फार चांगली. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं, ते उडीद भरून काढतो. इंजेरावर मसूर घालण्यातही तेच शहाणपण आहे.

एका ताटात एक खोट असते, तीही सांगते. कुणी किती खाल्लं ते दिसत नाही. वाढणारी बाई शेवटी बसते आणि तिच्या वाट्याला खरवड येते. त्या दिवशीही तसंच झालं. सून हात धुऊन गोलात येऊन बसली, पण तोवर पोरांनी भरीत संपवलं होतं. सासूने तिच्यासाठी दोन अंडी उकडायला ठेवली.