ट्रॅक्टरची चाके रुंद करताना जीव सांभाळा

ताडकळस भागातील काळ्या जमिनीत कापूस-सोयाबीनची कोळपणी ट्रॅक्टरने करायची, तर चाकांमधील अंतर ओळींना जुळवावे लागते. त्यासाठी काही जण वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी चकती करून हबवर बसवतात. तसे करू नका. चाक जितके बाहेर, तितका ॲक्सल व बेअरिंगवर ताण जास्त. चकतीचा जोड तुटला की चाकच निखळते. बहुतेक ट्रॅक्टरांत मागची डिस्क उलटी करून किंवा रिमवरची जागा बदलून अंतर वाढते. कंपनीच्या पुस्तिकेत त्याची माहिती असते.

काम पक्क्या, सपाट जागी करा. मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी टाका. औजार काढा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मागचे एक चाक उचलले की नुसता गिअर ट्रॅक्टर धरत नाही. चाक टेकलेले असतानाच नट थोडे ढिले करा. मग जॅक लावून ॲक्सलखाली भक्कम ओंडके रचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टायरमध्ये पाणी असेल तर चाक एकट्याला पेलत नाही, माणसे बोलवा.

बसवताना गंज, माती खरवडून काढा. अख्खे चाक उलटे केले तर डावे-उजवे बदला, म्हणजे टायरवरील बाण पुढे जाण्याच्या दिशेला राहील. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. तासभर काम झाले की पुन्हा आवळा. एवढे विसरू नका. ढिल्या नटाने डिस्कचे भोक झिजते अन् मग चाक सुटते.