रोमाने-कोंती : दुर्मिळ मद्याचे मूल्य आणि त्याचा पुरावा

रिकार्डोने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात वस्तूंचे दोन वर्ग पाडले आहेत. बहुतेक वस्तूंचे मूल्य त्यांच्या उत्पादनास लागणाऱ्या श्रमावर अवलंबून असते. परंतु काही थोड्या वस्तूंचे मूल्य केवळ दुर्मिळतेवरून ठरते, कारण कितीही श्रम वेचले तरी त्यांची संख्या वाढविता येत नाही. दुर्मिळ पुतळे, चित्रे, पुस्तके व नाणी यांच्या पंक्तीस त्याने विशिष्ट जमिनीतील द्राक्षांपासूनच होऊ शकणारी मद्येही बसविली. हा दुसरा वर्ग थोडक्यात बाजूला सारून त्याने पुढील विवेचन पहिल्या वर्गापुरते मर्यादित ठेवले, आणि त्याच्या हेतूच्या दृष्टीने ते योग्यच होते. तथापि मद्याला या पंक्तीत बसविताना एक भेद नजरेआड झाला. पुतळा पाहिल्याने झिजत नाही. नाणे पारखल्याने नाहीसे होत नाही. मद्याची बाटली पारखावयाची तर ती उघडावी लागते, आणि उघडलेली बाटली ही संग्राह्य वस्तू राहत नाही. या भेदाचे परिणाम किती दूरवर जातात, हे रोमाने-कोंती या फ्रेंच तांबड्या मद्याच्या उदाहरणावरून दिसून येते.

रोमाने-कोंती हे मूळचे एका द्राक्षमळ्याचे नाव. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात दिजाँ व बोन या शहरांच्या दरम्यान व्होन-रोमाने नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या पाठीशी असलेल्या उतारावर हा मळा असून त्याचे क्षेत्र अवघे १.८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेचार एकर भरते. त्यात पिनो न्वार या एकाच काळ्या जातीचा वेल आहे. वर्षाकाठी साधारणतः पाच-सहा हजार बाटल्या निघतात. मळ्याला १९३६ साली स्वतंत्र ‘ग्राँ क्रू’, म्हणजे सर्वोच्च प्रतीच्या मळ्याचा, कायदेशीर दर्जा मिळाला. आणि बरगंडीतील अशा नामांकित मळ्यांचा समूह २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

नावातील ‘कोंती’ हा अंश लुई-फ्रांस्वा द बूर्बों या कोंतीच्या राजपुत्राचा. त्याने १७६० साली हा मळा विकत घेतला आणि त्यातील मद्य बाजारात न पाठविता स्वतःच्या मेजवान्यांसाठी राखून ठेवले, असे सांगतात. गमतीचा भाग असा की, त्याचे नाव मळ्याला कायमचे चिकटले ते राज्यक्रांतीनंतर. जप्त झालेला मळा १७९४ साली राष्ट्रीय मालमत्ता म्हणून लिलावात निघाला, तेव्हा ‘रोमाने-कोंती’ हे जोडनाव रूढ झाले. ज्या सरंजामशाहीचा उच्छेद चालला होता तिच्याच एका बिरुदाची बाजारातील किंमत क्रांतिकारकांच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होती, असा याचा अर्थ लावल्यास तो फारसा चुकणार नाही.

मळ्याच्या वरच्या अंगास ‘ला रोमाने’ हा त्याहूनही लहान, एक हेक्टरापेक्षा कमी क्षेत्राचा मळा आहे. दोहोंमध्ये केवळ एक वाट आहे. वेलाची जात एकच, उतार एकच. मालकी मात्र वेगळी. ला रोमाने हे मद्यही अत्यंत महाग असले तरी त्याचा भाव रोमाने-कोंतीच्या बराच खाली राहतो. मृदेतील फरकाने चवीतील भेदाचा काही उलगडा होईलही, पण भावातील सगळी तफावत त्याच्या माथी मारता येणार नाही. शिवाय, केवळ दुर्मिळतेनेच मूल्य ठरत असते तर दोहोंपैकी लहान मळ्याचा भाव अधिक असावयास हवा होता.

या मद्याच्या वर्षांमध्ये १९४५ या सालाला जे स्थान आहे त्याचा इतिहास उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. त्यावर शेवटी उपाय निघाला तो किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलाचे कलम करण्याचा. (नाशिक-सांगलीकडील बागाईतदारही डॉगरिज या अमेरिकी खुंटावर कलमे करतात, परंतु तेथे हेतू क्षार व पाण्याचा तुटवडा यांना तोंड देण्याचा असतो.) रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र कलमाचा मार्ग न पत्करता जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून आपले जुने, स्वमूळावरील वेल कित्येक दशके जगविले. दुसऱ्या महायुद्धात हे रसायन दुर्मिळ झाले, मजूर मिळेनासे झाले आणि वेल खंगले. १९४५ च्या हंगामात जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या. त्यानंतर वेल उपटण्यात आले, १९४७ मध्ये कलमांची नवी लागवड झाली आणि १९५२ पर्यंत या नावाचे मद्यच निघाले नाही.

यांपैकी दोन बाटल्या १३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे सदबीजच्या लिलावात आल्या. प्रत्येकीची अपेक्षित किंमत सुमारे ३२,००० डॉलर होती. पहिली ५,५८,००० डॉलरांस गेली, आणि पाठोपाठ दुसरी ४,९६,००० डॉलरांस. दोन्ही बाटल्या बोन येथील व्यापारी रोबेर द्रूआँ यांच्या खाजगी तळघरातून आल्या होत्या. द्रूआँ यांची पेढी पूर्वी याच मळ्याच्या मद्याची वितरक होती. मळ्यापासून लिलावगृहापर्यंतची साखळी त्यामुळे अखंड होती, आणि बोली करणाऱ्यांनी मद्याइतकीच या साखळीचीही किंमत मोजली.

ती का मोजावी लागते याचे उत्तर त्यापूर्वीच्या एका प्रकरणात आहे. इंडोनेशियात जन्मलेला रूडी कुर्नियावान हा संग्राहक अमेरिकेत ‘डॉक्टर कोंती’ या टोपणनावाने ओळखला जाई. एप्रिल २००८ मधील न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याने पोन्सो घराण्याच्या ‘क्लो सें-दनी’ या मद्याच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या विक्रीस ठेवल्या. घराण्याचे प्रमुख लोराँ पोन्सो यांनी हरकत घेतली, ती चवीच्या आधारे नव्हे. त्यांच्या घराण्याने ते मद्य प्रथम केले तेच मुळी १९८२ साली. मार्च २०१२ मध्ये कुर्नियावानच्या घरी झडती झाली तेव्हा छापील लेबले, बुचे व शिक्के सापडले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याच्यावरील गुन्हा शाबीत झाला आणि २०१४ साली त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली. तोपर्यंत त्याच्या बाटल्या अनेकांनी विकत घेतल्या होत्या आणि काहींनी त्या उघडून रसिकतेने प्राशनही केल्या होत्या. अस्सल मद्याच्या रिकाम्या बाटल्याही तो आवर्जून गोळा करीत असे.

न उघडता परीक्षा करण्याचा एक मार्ग भौतिकशास्त्राने दिला आहे. अणुस्फोटांमुळे वातावरणात पसरलेले सीझियम-१३७ त्यानंतरच्या द्राक्षांत अल्पांशाने उतरले. त्याचे गॅमा किरण काचेतूनही मोजता येतात. अणुयुगापूर्वीच्या म्हणून दाखविलेल्या बाटलीत ते आढळले तर तिचे साल खोटे ठरते. न आढळले तर मात्र द्रव जुना आहे एवढेच सिद्ध होते. तो कोणत्या मळ्यातला, हे किरण सांगत नाहीत. बरगंडीतील एखाद्या सामान्य मळ्याचे १९३० च्या सुमाराचे मद्य या कसोटीस तितकेच उतरेल.

म्हणून परीक्षकांची भिस्त आजही कागद, छपाईची शाई, बुचावरील साल, बाटलीवरील क्रमांक व हस्तांतराच्या पावत्या यांवर आहे. आणि १९४५ च्या सहाशे बाटल्यांपैकी जसजशी एकेक उघडली जाते, तसतशी खऱ्या बाटल्यांची संख्या घटते. पण तिची रिकामी काच व लेबल मागे उरते.