शिवरात्रीचं दूध आणि पोटातली गुडगुड

गोंदियालगतच्या नागऱ्यात महाशिवरात्रीला महादेवाच्या जुन्या मंदिराशी यात्रा भरते. पिंडीवर दूध चढतं, आणि उपवासाला म्हणून आपणही रिकाम्या पोटी पेलाभर पितो. दुपारी पोट फुगतं, गुडगुडतं, मग धावपळ. दोष जातो साबुदाण्यावर. पुष्कळदा खोड त्या पेल्याची असते.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज लहान आतड्यात तयार होतं. तान्हेपणी भरपूर, पुढे बहुतेकांत कमी. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो, पाणी ओढलं जातं, जुलाब होतात. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश मोठ्या माणसांत लॅक्टेज असं घटतं, तेव्हा याला आजार म्हणणं मला जड जातं. ‘नखरे’ म्हणणं तर त्याहून चूक. मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. आणि गोंदिया तर राज्याच्या पूर्व टोकाला.

दूध अजिबात सोडायची गरज मात्र क्वचितच पडते. 200 मिलीच्या पेल्यात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज असतं; बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत सोसतं, जेवणासोबत असेल तर अधिकच बरं. म्हणजे चहातलं दूध बहुधा चालतं, उपाशीपोटीचा पेला मात्र काहींना नडतो. दही-मठ्ठ्यात विरजणाने थोडी साखर आधीच खाल्लेली असते, तुपात ती जवळजवळ नसतेच. खव्याचा पेढा मात्र आटवलेलं दूधच, जपून खावा. शेळीचं किंवा महागडं ‘ए-टू’ दूध घेऊनही सुटका नाही, लॅक्टोज त्यातही आहे.

कॅल्शियमची काळजी? बोडीतली, म्हणजे छोट्या तळ्यातली, बारीक मासळी काट्यांसकट खा, तिळाची चटणी वाढा, शेवग्याचा पाला भाजीत घाला. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात जेमतेम 120.

दूध पिताच अंगावर गांधी उठत असतील तर ती ॲलर्जी, वेगळी गोष्ट. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर दुधाला दोष देत घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी येत्या शिवरात्रीला दूध पिंडीवर वाहावं आणि स्वतः भगरीसोबत वाटीभर दही घ्यावं.