कुनख आणि नखाची बुरशी : लेपाआधी निदान

केळीच्या बागेत ओल हटत नाही. रावेर-यावलकडील मजूर त्या ओलीत दिवसभर अनवाणी वावरतो, आणि पुढे अंगठ्याचे नख पिवळे, जाड व ठिसूळ झाले म्हणून औषध मागू लागतो. धुळे-शिरपूरकडील रुग्णांचीही तक्रार हीच असते. अशा वेळी 'कुनख' असे नाव देऊन लेप सुरू करण्याचा मोह वैद्यबंधूंनी आवरावा, असे आम्हांस वाटते.

सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेला कुनख अभिघातजन्य असून त्यात नख रूक्ष, काळे व खरखरीत होते. चिप्पात नखमांसाचा दाह व पाक असतो. आजची नखबुरशी यांपैकी एकाशीही तंतोतंत जुळत नाही. शिवाय विकृत नखांपैकी सुमारे निम्मीच बुरशीने बिघडलेली असतात. उरलेल्यांत सोरायसिस असतो किंवा तंग पादत्राणांचा दाब. एकाच नखातील काळी रेघ रुंदावत असेल तर कर्करोगाची शंका घ्यावी.

म्हणून नखाखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागाकडे रुग्ण पाठविता येतो.

त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, पाय पूर्ण कोरडे करणे व करंज तेल हे उपचार सौम्य आहेत. परंतु तेल जाड नखात खोलवर मुरत नाही, हे रुग्णास प्रांजळपणे सांगावे. बिबा मात्र लावू नये. मधुमेही रुग्णाच्या बधिर पायावर त्याने फोड येऊन व्रण चिघळतो, आणि वेदना नसल्याने त्यास ते उशिरा कळते.

औषधविक्रेत्यांस आमची आग्रहाची विनंती अशी की, स्टेरॉइडमिश्रित मलम चिठ्ठीविना देऊ नये. त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइडे 2018 पासून अनुसूची 'एच'मध्ये आहेत. खाज तात्पुरती शमते, बुरशी मात्र पसरते. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आता भारतात आढळते.

पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन साधारणतः 12 आठवडे, यकृताची तपासणी करून, त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते. औषध संपताच नख स्वच्छ दिसत नाही. पायाचे नख महिन्याला एक ते दीड मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे येण्यास 12 ते 18 महिने लागतात. मुळाशी निरोगी पट्टा दिसू लागला की उपचार लागू पडत आहे असे समजावे. तोवर घरातील नखकात्री वेगळी ठेवावी व बोटांमधील चिखल्यांवरही उपचार करावेत. बुरशी बहुधा तेथूनच नखात शिरते.