एक आज्ञावली, अनेक परिवेश

छत्तीसगडमधील रायपूर शहरात २०१२ साली शिधावाटपाची ‘कोअर पीडीएस’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. शिधापत्रिकाधारकाला आपल्या पसंतीच्या रास्त भाव दुकानातून धान्य उचलता यावे, हा तिचा मुख्य हेतू होता. अशा व्यवस्थेतील प्रत्येक नोंदीशी एखाद्या कुटुंबाचे महिन्याचे धान्य जोडलेले असते. म्हणूनच तिच्यात सुधारणा करणारा प्रोग्रामर आपल्या मेजावरील संगणकावर चाचणीपुरत्या दहा खोट्या नोंदी करतो, तेव्हा त्या नेमक्या कोठे जातात, हा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही.

वेबवर चालणारी आज्ञावली एकच असली, तरी तिचे परिवेश निरनिराळे असतात: प्रोग्रामरचा स्वतःचा संगणक, चाचणीचा संगणक आणि प्रत्यक्ष लोकसेवेतील सर्व्हर. माहितीसाठ्याचा पत्ता, परवलीचा शब्द, नागरिकांना संदेश खरोखर पाठवावयाचे की नाही, या गोष्टी परिवेशानुसार बदलतात. त्या आज्ञावलीतच लिहून ठेवल्या, तर दर वेळी तिच्या मजकुरात फेरफार करावा लागेल. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत अशी मूल्ये आज्ञावलीला बाहेरून पुरविण्याची सोय झाली. या मूल्यांना ‘पर्यावरण-चल’ म्हणता येईल. पुढे २०११ मध्ये हेरोकू या कंपनीतील अ‍ॅडम विगिन्स यांनी वेब-आज्ञावल्यांसाठी जे बारा नियम मांडले, त्यांतील तिसरा नियम हाच आहे.

ही मूल्ये दर वेळी हाताने टंकित करणे कष्टाचे असते. त्यामुळे प्रत्येक परिवेशासाठी एक छोटी फाईल ठेवतात आणि आज्ञावली सुरू करताना परिवेशाचे नाव सांगतात. त्या नावाची फाईल तेव्हा वाचली जाते. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी की, फाईल सामान्यतः आरंभीच वाचली जाते. ती नंतर बदलली, तरी आज्ञावली पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. दुसरी अधिक फसवी आहे. एखादे मूल्य संगणकावर आधीच ठरविलेले असेल, तर फाईल वाचणारी अनेक साधने तेच कायम ठेवतात. सकाळी ठरविलेला खऱ्या माहितीसाठ्याचा पत्ता त्याच खिडकीत दुपारीही जिवंत राहतो आणि फाईलमधील चाचणीचा पत्ता निष्फळ ठरतो.

अशा गफलतीची किंमत मोठी असू शकते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली आणि सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. तेथे फाईलची निवड चुकली नव्हती. आपण कोणत्या जागी उभे आहोत, याविषयीचा भ्रम मात्र याच जातीचा होता.

यावरचे उपाय साधे आहेत. परिवेशाचे नाव न दिल्यास आज्ञावलीने अंदाज न बांधता थांबावे. आरंभीच तिने परिवेशाचे व माहितीसाठ्याचे नाव पडद्यावर दाखवावे. परवलीचा शब्द मात्र दाखवू नये. सामायिक संग्रहात केवळ रिकाम्या जागांची नमुना-फाईल ठेवावी आणि खरी फाईल त्यातून वगळावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लोकसेवेतील माहितीसाठ्यात लिहिण्याचा अधिकार देणारा परवलीचा शब्द प्रोग्रामरच्या संगणकावर असूच नये. मग फाईल चुकली, तरी खोटी नोंद कोणाच्याही शिधापत्रिकेपर्यंत पोहोचणार नाही.