वेंधळेपणाचे निदान

स्मरणिकेसाठी काहीतरी वैद्यकीय, पण डॉक्टर नसलेल्या सभासदांनाही समजेल असे लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. विषय शोधण्यास मला दूर जावे लागले नाही. घरात वेंधळा, शाळेत धांदरट आणि वैद्यकीय महाविद्यालयात ‘भूकंप’, अशा तीन पदव्या मला एम.बी.बी.एस. होण्यापूर्वीच मिळालेल्या होत्या. तेव्हा या विषयात माझा अधिकार निर्विवाद आहे.

माझ्या या कीर्तीचा मुख्य साक्षीदार म्हणजे माझा वर्गमित्र. तो शल्यचिकित्सक, मी फिजिशियन. तो शांत, नेटका, इस्त्रीचा सदरा घालून बारा तासांचा प्रवास केला तरी घडी न मोडणारा. विद्यार्थिदशेपासून आम्ही वर्षातून एकदा तरी दोघेच प्रवासाला निघतो. ओंकारेश्वरला नावेतून उतरताना मी नर्मदेत गुडघाभर उतरलो. एका स्थानकावर दुसऱ्याच्या वळकटीत पाय अडकून थेट हमालाच्या गळ्यात पडलो. उकळत्या चहाचा पेला मित्राच्या मांडीवर सांडण्याचा पराक्रम तर तीन वेळा केला. प्रत्येक वेळी तो शांतपणे म्हणे, “अरे, तुझ्यासोबत यायचं म्हणजे मला टाके घालायची पेटीच बरोबर घ्यावी लागते.”

काही माणसेच सारखी का पडतात, हा प्रश्न केवळ विनोदाचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांचा अभ्यास करून ग्रीनवुड आणि वुड्स या संशोधकांनी १९१९ साली दाखवून दिले की, अपघात सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. थोड्या व्यक्तींच्या वाट्याला ते पुष्कळ येतात. पुढे १९२६ साली फार्मर आणि चेंबर्स यांनी अशा व्यक्तींसाठी ‘अपघातप्रवण’ हा शब्द रूढ केला. शब्द सोयीचा होता, आणि त्यातच त्याचा धोका होता. कारण एकदा माणसालाच अपघातप्रवण ठरविले की यंत्राचे उघडे दाते, निसरडी फरशी, अपुरा उजेड यांची चौकशी कोणी करीत नाही. शिवाय केवळ योगायोगानेही काहींच्या वाट्याला अधिक अपघात येतात, हे गणित नंतरच्या टीकाकारांनी पुढे मांडले. आज ही कल्पना पूर्वीच्या सरधोपट रूपात कोणी मानत नाही. परंतु शिक्का मारून चौकशी थांबविण्याची सवय मात्र गेलेली नाही. ती आम्हां डॉक्टरांतही आहे, हे पुढे सांगणार आहे.

दोन पायांवर चालणे ही मोठी करामत आहे. डोळे, अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय आणि सांधे-स्नायूंकडून येणारी अंगस्थितीची जाणीव, अशा तीन वाटांनी मेंदूकडे वार्ता येते, आणि लहान मेंदू तिची जुळणी करतो. सपाट जमिनीवर पाऊल पुढे टाकताना आपल्या पायाची बोटे जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर वर असतात. म्हणजे तेवढ्या उंचीचा दगड आपल्याला पाडण्यास पुरेसा आहे. जिना चढताना पहिल्या दोन पायऱ्यांवरून मेंदू पुढच्या पायऱ्यांचा अंदाज बांधतो. मध्येच एखादी पायरी उंच वा ठेंगणी आली की ठेच ठरलेली. जुने किल्ले आणि घाट यांच्या पायऱ्या सारख्या नसतात.

प्रवासात या अडचणी दुणावतात. झोप अपुरी, लॉज नवखे, दिव्याचे बटण कोठे ते ठाऊक नाही, न्हाणीघराचा उंबरठा अनपेक्षित. चाळिशीनंतरच्या दुभागी किंवा बहुभागी चष्म्यातून पायांजवळची जमीन अंधुक दिसते, कारण तो खालचा भाग वाचनासाठी असतो. असे चष्मे वापरणारे वृद्ध अधिक पडतात, असे २००२ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात आढळले. आणि सोबतीला मित्र असला की गप्पा आल्या. चालणे आणि बोलणे ही दोन कामे मेंदूला एकाच वेळी करावी लागतात. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले: वृद्धनिवासातील जी माणसे बोलण्यासाठी चालता चालता थांबतात, ती पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. हे निरीक्षण वाचकांनी ध्यानात ठेवावे. मी ते वाचले होते, पण ध्यानात ठेवले नव्हते.

माझ्यासारख्या जन्मजात वेंधळ्यांची एक स्वतंत्र जात आहे. बुटाची नाडी उशिरा बांधता येणे, चेंडू न झेलता येणे, अक्षर वेडेवाकडे, अशी मुले पूर्वी ‘आळशी’ म्हणून मार खात. आज या अवस्थेला विकासात्मक समन्वय-दोष म्हणतात आणि शाळकरी वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत तो असतो. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. अनेकांत तो मोठेपणीही उरतो. मात्र त्याचे एक लक्षण महत्त्वाचे: तो लहानपणापासून असतो, आणि वाढत जात नाही.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. २०१९च्या डिसेंबरात आम्ही दोघे इंदूरहून मांडू आणि महेश्वरला गेलो. दोघेही साठी ओलांडलेले. मांडूला पोहोचताच मी परंपरा राखली: जहाज महालाच्या आवारात दगडाला अडखळून गुडघा फोडून घेतला. दुपारी ढाब्यावर लस्सीचा पेला लवंडला. मित्र हसला, पण नेहमीपेक्षा जरा जास्तच हसला, असे आता वाटते.

त्या दोन दिवसांत मी काही गोष्टी पाहिल्या आणि पाहूनही पाहिल्या नाहीत. रूपमती मंडपाकडे चढताना मी काही विचारले की तो थांबे, उत्तर देई आणि मग पुढे चाले. मला वाटले, दम लागतो. महालाच्या पायऱ्या उतरताना त्याने भिंतीचा आधार सोडला नाही. मला वाटले, माझ्या पडण्याने सावध झाला. खुरासानी इमलीवालीला सुटे पैसे देताना त्याला नाणी वेचता येईनात. “थंडीने बोटं आखडलीत रे,” तो म्हणाला. थंडी होतीच. लॉजच्या वहीत त्याने केलेली सही मला ओळखू आली नाही. त्यावरही मीच विनोद केला: “आता तुझंही अक्षर डॉक्टरांसारखं झालं!”

महेश्वरला पोहोचलो त्या संध्याकाळी घाटावरून परतल्यावर तो तोंड धुण्यास गेला आणि धाडकन आवाज आला. जाऊन पाहतो तो तो बेसिनपाशी खाली बसलेला, कपाळावर खोक. फरशी कोरडी होती. दिवा चालू होता. तो म्हणाला, “काही नाही, डोळ्यांना साबण लावला आणि तोल गेला.”

डोळे मिटले आणि तोल गेला! हे वाक्य ऐकले आणि माझ्यातला मित्र मागे सरून डॉक्टर पुढे झाला. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोमबर्ग यांनी हेच तत्त्व सांगितले: पायांकडून येणारी अंगस्थितीची जाणीव मंदावली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा असतो, डोळे मिटताच तो कोलमडतो. मी त्याला पलंगावर बसविले. सदऱ्याची गुंडी काढण्यास सांगितले. एका गुंडीला त्याला किती तरी वेळ लागला. मुठीची उघडझाप करविली. निरोगी माणूस १० सेकंदांत २० वा अधिक वेळा करतो; त्याची १२ झाली. हातोडी नव्हती, तळहाताच्या कडेने गुडघ्यावर टिचकी मारली तर पाय उसळला. किल्लीने तळवा ओढला तर अंगठा वर गेला. दोघांनाही अर्थ कळला. कोणी काही बोलले नाही.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “आठ महिने झाले. निवृत्ती घेतली ती याच भीतीनं. सर्जनचे हात गेले हे कुणाला सांगू?” चाळीस वर्षे ज्याच्या वेंधळेपणावर तो हसत आला, त्याच्या सावलीत त्याने स्वतःचे पडणे लपविले होते. आणि ज्याला सारे आयुष्य लोकांच्या नसा तपासण्यात गेले, त्या माझी अवस्था दिव्याखाली अंधार अशी.

दुसऱ्या दिवशी इंदूरला परतलो. एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांत झीज होऊन मज्जारज्जूवर दोन ठिकाणी दाब आलेला दिसला. या विकाराची फसवणूक अशी की, मान फारशी दुखत नाही. हात बधिर आणि वेंधळे होतात, चाल ताठर व डगमगती होते, आणि रोगी ते वयावर ढकलतो. कधी थोडे पडणे वा मानेला हिसका बसणेही मज्जारज्जूला मोठी इजा करून जाते. विकार मध्यम वा तीव्र असल्यास शस्त्रक्रियेचा सल्ला २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दिलेला आहे. शस्त्रक्रियेने प्रगती थांबते आणि पुष्कळांत सुधारणाही होते; पण जितका उशीर, तितके परत मिळणारे कमी.

माझ्या मित्राची शस्त्रक्रिया जानेवारी २०२०मध्ये झाली. चाल सुधारली. बोटे मात्र पूर्णपणे परतली नाहीत. गुंडी आजही सावकाश लागते. ते आठ महिने मिळाले असते तर, हा विचार मला सोडत नाही.

म्हणून व्यवसायबंधूंना आणि सभासदांना थोडेसे सांगावेसे वाटते. जन्माचा वेंधळा पडला तर औषध लावावे आणि हसावे. परंतु जो कधी पडत नसे तो पडू लागला, तर हसू नये, चौकशी करावी. गुंडी, नाणी, सही, जिना उतरणे, अंधारात चालणे यांत काही महिन्यांत फरक पडला आहे का, ते विचारावे. मज्जारज्जूवरील दाबाखेरीज मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी, शाकाहारी मंडळींत आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कंपवात, झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या औषधांनी उठताना उतरणारा दाब, ही कारणे शोधता येतात आणि बहुतेकांवर उपाय करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१मधील माहितीनुसार पडण्यामुळे जगात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. अनवधानाने होणाऱ्या इजांच्या मृत्यूंत रस्ते अपघातांखालोखाल हेच कारण.

प्रवासासाठीही दोन-तीन नियम पाळावेत. उशाशी विजेरी ठेवावी. खोलीत शिरताच न्हाणीघराचा उंबरठा आणि दिव्याचे बटण पाहून घ्यावे. पायऱ्यांवर वाचनाचा चष्मा काढावा, गप्पा थांबवाव्यात आणि कठडा धरण्यात कमीपणा मानू नये.

आम्ही अजून दरवर्षी जातो. पायऱ्या आल्या की एकमेकांचा हात धरतो. मागच्या खेपेस मी नेहमीप्रमाणे चहा सांडला. तो म्हणाला, “सांड, सांड. तू सांडलास म्हणजे सगळं ठीक आहे.” निदान म्हणून हे वाक्य मला अगदी बिनचूक वाटते.