गटाच्या मेळाव्यात खेळ कोणते घ्यावेत?

शिरूर-दौंडकडे मेळावा म्हटला की रस्सीखेच ठरलेली. तरणी पोरं ओढतात. गुडघे धरलेले, पायाने अधू, नजर कमी झालेले सभासद कडेला बसतात. नुसत्या टाळ्या वाजवायच्या तर माणूस पुढच्या बैठकीला कशाला येईल? आणि लागणीचा जुना अनुभव तर त्यांच्याचकडे असतो.

आमचे मत असे, की खेळ आपल्या कामातूनच काढावा. पाच जणांच्या तुकडीला ४२ कपांचा रोपांचा ट्रे भरायला द्यावा. एकाने एक डोळा टिपरी तोडावी, एकाने कोकोपीट भरावे, खुर्चीवर बसून एकाने डोळा वर करून टिपरी लावावी. दिसत नसेल त्याने टिपऱ्या निवडाव्यात. चिरडलेला डोळा बोटाला बरोबर लागतो. ऐकू येत नसेल त्याला आधी करून दाखवावे. बेणेप्रक्रियेचे औषध मात्र खेळात नको, साधे पाणी पुरे.

घड्याळ लावू नये, घाईत कोयता बोटावर बसतो. शाबूत डोळे मोजून नंबर काढावा. कोणाला कोणते काम झेपेल हे आपण ठरवू नये, ज्याचे त्याला विचारावे.

ट्रे फेकू नका. महिना-सव्वा महिन्यात रोपे लागणीला येतात, नांग्या भरायला उपयोगी पडतील.